एकच जागा, वर्षभर : सेमिनरी हिल्सला तिसरीची पोरं न्यायची असतील तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तिसरीचा वर्ग, 32 मुलं, शाळा नागपूरच्या सेमिनरी हिल्स या झाडीच्या टेकडीजवळ, आणि आठवड्यातून एक सकाळ पोरांना झाडांत न्यायची तुमची मनापासून इच्छा आहे. पण पालक साप आणि बिबट्याचं नाव काढतात, मोठ्या बाई म्हणतात पोर्शन मागे पडेल, आणि तुम्ही स्वतः लिहिलंय की मला कडूलिंब आणि वड सोडून झाडंच ओळखता येत नाहीत, तर मी काय शिकवणार. मी नागपुरात हेच काम 17 वर्षं करतेय, म्हणून जरा लांबण लागेल पण सगळं सांगते.

झाडं ओळखता येत नाहीत याची काळजी आधी सोडा. झाडांची नावं वर्षभरात आपोआप येतात, तुम्हालाही आणि पोरांनाही. खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मला दुसऱ्या वर्षी कळली. पहिल्या वर्षी मी पोरांना नऊ ठिकाणी नेलं, अंबाझरी, फुटाळा, महाराजबाग, गोरेवाडा, रामटेक, खिंडसी, काही म्हणून सोडलं नाही. दर वेळी नवी जागा, दर वेळी मी समोर उभी राहून बोलतेय, हे बघा हा ऐन, हा धावडा, आणि पोरं दहा मिनिटं ऐकायची मग विचारायची मॅडम डबा कधी. वर्ष संपलं तेव्हा एकेकाला विचारलं काय आठवतं, तर बस आठवत होती, खिडकीची सीट कोणाला मिळाली ते आठवत होतं. झाड एकालाही नाही. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

दुसऱ्या वर्षी बसचे पैसेच नव्हते म्हणून वस्तीजवळचा एक तुकडा धरला, अर्धा एकरही नसेल, त्यात सहा-सात पळस, थोडे साग, दोन बाभळी, बाकी रायमुनिया (घाणेरी) आणि गवत. तिथेच 26 वेळा गेलो. आणि त्या वर्षी पोरं जे बोलायला लागली ते मी कधी ऐकलं नव्हतं. कारण काय आहे, एखादी गोष्ट नवी आहे का जुनी, बदलली का तशीच आहे, हे कळायला आधी ती पाहिलेली असावी लागते न. एकदाच गेलेल्या मुलाला जंगल म्हणजे नुसतं हिरवं दिसतं. दहाव्यांदा गेलेलं मूल म्हणतं, मॅडम ही फांदी मागच्या वेळी इकडे नव्हती. म्हणून माझं एकच सांगणं आहे, जागा एकच धरा, लहान धरा, आणि तिथेच वर्षभर जा. बाकी सगळं या एका गोष्टीनंतर येतं.

एक उदाहरण देते. आपल्याकडे म्हणतात पळसाला पानं तीनच. सगळ्यांना पाठ. मी तिसरीच्याच एका वर्गाला म्हटलं, खरं आहे का ते बघून या. बस एवढंच. 30 पोरं पळसाला चिकटली. पाच मिनिटांत एक पोरगा धावत आला, मॅडम माझ्या झाडाला दोनच आहेत. जाऊन पाहिलं तर तिसरं पान गळलेलं, पण ते जिथे होतं तिथली खूण देठावर दिसत होती, ती त्यानेच नखाने दाखवली. मग एका पोरीने विचारलं की तीन पानं आहेत तर देठ एकच का. मी उत्तर दिलं नाही, म्हटलं कळी कुठे निघते ते शोध. दोन आठवडे लागले तिला. पान जिथे फांदीला जुळतं त्या बगलेत कळी असते, आणि तीन पानांच्या प्रत्येकाच्या बगलेत मात्र नसते, म्हणजे ही तिन्ही मिळून खरं तर एकच पान आहे. वनस्पतिशास्त्रात कॉलेजला शिकवतात ते, त्या पोरीने आठव्या वर्षी स्वतः शोधून काढलं आणि तिला मी एक शब्द सांगितला नव्हता. तीनचा पाढा तर त्या दिवशी सगळ्या वर्गाचा झाला, सात पळसाच्या देठांना किती पानं, बारा देठांना किती, मोजून पाहायचं आणि मग म्हणायचं. पुढे डिसेंबर-जानेवारीत तीच पानं गळताना पाहिली, फेब्रुवारी-मार्चमध्ये बिनपानाच्या फांद्यांवर केशरी फुलं आली, शिंजीर आणि मैना त्यावर भांडताना पाहिल्या, होळीला खाली पडलेली फुलं उकळून रंग केला. एक झाड, पूर्ण वर्ष.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, बाकी महाराष्ट्राच्या नंतर, आपल्या उन्हामुळे, आणि या कामासाठी ते फार सोयीचं पडतं. कारण शाळा उघडते आणि पाऊस लागतो हे जवळजवळ सोबतच होतं. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसानंतर मोकळ्या मातीत मिरगाचे किडे निघतात, ते लाल मखमलीसारखे, चार-पाच दिवस दिसतात मग गायब. पोरांना म्हणायचं हात न लावता पाय मोजा. आठ निघतात. किड्याला पाय सहा असतात हे पुस्तकात आहे, मग हा किडा कसा, हा प्रश्न पोरंच विचारतात. तो किडा नाहीच न, तो कोळी-गोचिडाच्या घरातला आहे. ही गोष्ट फळ्यावर लिहिली असती तर त्याच दिवशी विसरले असते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सागाकडे न्या. पानांची नुसती जाळी झालेली असते, एक अळी मधलं सगळं हिरवं खाऊन शिरा तेवढ्या ठेवते. ते पान वहीखाली ठेवून पेन्सिल घासली की अख्खा नकाशा उमटतो. आणि सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं तर हात लालभडक होतो, मेंदीसारखा. हे एकदा दाखवलं की पुढच्या वेळी साग कुठला ते विचारावं लागत नाही. पान एकच तोडायचं, सगळ्यांसाठी एकच, हे मात्र पहिल्यापासून लावून द्या. थंडीत भिंतीच्या कडेला, जिथे पाऊस-दव लागत नाही अशा भुरभुरीत मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतील, त्याच्या तळाशी मुंगीसिंह बसलेला असतो, मुंगी घसरून आत पडली की खालून माती उडवून तिला खाली आणतो. एक मुलगा, वर्गात दोन मिनिटं एका जागी न बसणारा, तो त्या खड्ड्यापाशी पोटावर झोपून 25 मिनिटं पाहत होता. मी घड्याळ लावून पाहिलं. त्याच्या आईला सांगितलं तर तिला खरं वाटेना, दुसऱ्या शनिवारी ती स्वतः आली बघायला.

आता बसायची जागा. हे माझ्या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात सोपं. पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाने स्वतःचं एक झाड किंवा दगड निवडायचा, तुम्हाला दिसेल एवढ्या अंतरावर, दोघांमध्ये चार-पाच पावलं. दर वेळी तिथे जाऊन गप्प बसायचं. सुरुवातीला तीन मिनिटं, पोरं खिदळतात, एकमेकांना खडे मारतात, होऊ द्या. दिवाळीपर्यंत दहा मिनिटं होतात, जानेवारीत पंधरा. उठल्यावर गोल बसून ज्याला सांगायचं त्याने सांगायचं, ज्याला नाही त्याने नाही. वहीत लिहायची सक्ती करू नका, चित्र काढायचं तर काढू द्या. आणि तुम्हीही बसायचं बरं का, मोबाइल पिशवीत टाकून. मोठा माणूस फिरत राहिला, फोटो काढत राहिला, की पोरं फोटोसाठी वागतात. एका शाळेत तीन आठवडे झाले आणि शाळेला दर मुलाची वर्कशीट भरून पाहिजे होती, पोरं वर्कशीटमध्ये डोकं घालून बसली, वर कोतवाल घारीला हाकलत होता तो एकाने पाहिला नाही. तो उपक्रम तिथेच बंद पडला.

धोक्याचं बोलू, कारण पालकांची भीती खरी आहे आणि काही नाही होत म्हणून तिला उडवून लावू नये. पण भीती चुकीच्या गोष्टीची आहे. बिबट्या नागपुरात येतो, 2021 च्या उन्हाळ्यात आयटी पार्कच्या बाजूला फिरलाच होता, गोरेवाड्याच्या जंगलात तर राहतोच. पण सकाळी आठ वाजता 32 पोरांच्या आवाजाच्या जवळ तो सहसा येत नाही, आणि तो फिरतोय अशी बातमी असेल त्या आठवड्यात जायचं नाही, विषय संपला. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठे धोके दोन, रस्ता ओलांडणं आणि मोकाट कुत्री. रस्त्यासाठी दोरी धरून रांग, पुढे एक मागे एक मोठा माणूस. कुत्र्यासाठी पोरांना आधीच शिकवा की पळायचं नाही, ओरडायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची, जखम लहान आहे म्हणून थांबायचं नाही.

त्यानंतर मधमाश्या. सापापेक्षा मी आग्यामोहोळाला जास्त भिते. जागा निवडताना वर बघा, मोठ्या झाडाच्या आडव्या फांदीला किंवा जवळच्या उंच इमारतीच्या सज्जाला काळं पोळं लटकलेलं असेल तर ती जागा सोडा. पोरांना अत्तर, सेंट, गजरा लावून येऊ नका म्हणून सांगा. माश्या उठल्याच तर चेहरा झाकून सरळ पळायचं आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं.

सापांचं असं आहे की आपल्याकडे विषारी चारच लक्षात ठेवायचे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नियम दोनच, जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, दगड-ओंडका उलटायचा नाही, उलटायचाच तर मोठ्या माणसाने, आणि पलीकडची कड आपल्याकडे उचलायची म्हणजे आतलं जे असेल ते पलीकडे निघून जाईल. बंद बूट, पाय झाकणारी पँट. सतरा वर्षांत साप कितीतरी वेळा दिसले, एकदाही कोणाला चावला नाही, कारण पोरं दहा फुटांवरून पाहतात आणि साप निघून जातो. तरी तयारी पाहिजेच. चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच, चावलेला हात किंवा पाय हलू न देता उचलून थेट मेडिकल किंवा मेयो, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत. सेमिनरी हिल्सहून किती वेळ लागतो ते एका शनिवारी स्वतः गाडीवर जाऊन पाहून ठेवा, आणि गाडी सेशन संपेपर्यंत जाग्यावर उभी पाहिजे.

दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. एक, खाजकुयली. पावसाळ्यानंतर वेलीला शेंगा लागतात, त्यावर सोनेरी-तपकिरी मऊ केस, दिवाळीनंतर त्या वाळल्या की वाऱ्यानेही ते केस उडतात. माझ्या तिसऱ्या वर्षी अकरा पोरं एकदम रडायला लागली, मला कळेचना काय झालं, आणि मी पाण्याने चोळलं त्यामुळे अजून पसरलं. चोळायचं नाही. आधी चिकटपट्टी लावून अलगद ओढून केस काढायचे, मग धुवायचं. तेव्हापासून माझ्या पिशवीत चिकटपट्टीची दोन रिळं असतात. बिब्याचंही तसंच, झाड असेल तर ओळखून ठेवा, त्याच्या फळाचा काळा रस लागला तर फोड येतात. दोन, स्क्रब टायफस. 2018 मध्ये आपल्या नागपूर भागात याचे खूप पेशंट निघाले होते. उंच गवतातल्या बारीक किड्यापासून होतो, ऑगस्ट ते ऑक्टोबर जास्त. उपाय साधा, त्या दिवसांत गवतावर थेट बसायचं नाही, जुनी सतरंजी किंवा पोतं टाकायचं, घरी जाऊन आंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. आणि पालकांना लिहून द्या की दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पोरगं गवतात बसलं होतं हे सांगा, अंगावर काळसर खपली दिसली तर दाखवा. वेळेवर कळलं तर औषध आहे, साधं अँटिबायोटिक.

वीज राहिलीच. ढग गडगडले की त्याच क्षणी परत फिरायचं, झाडाखाली थांबायचं नाही. विदर्भात दरवर्षी माणसं जातात अशी, यात घासाघीस नको.

पालकांसाठी मी एकच करते, पोरांना न्यायच्या आधी एक रविवार पालकांना नेते. सकाळी सातला, त्याच जागेवर. वरच्या सगळ्या गोष्टी तिथे उभं राहून सांगते, बसायला लावते, दहा मिनिटं गप्प. मग चहा. त्यांच्यातलेच अर्धे लहानपणी गावाकडे चारोळीची चारं आणि बोरं तोडत, मोहफुलं वेचत वाढलेले असतात, त्यांना फक्त आठवण करून द्यावी लागते. एका आजोबांनी तिथल्या तिथे पळसाच्या पानांची पत्रावळ लावून दाखवली, काडीने टाचून, आणि पुढे ते दर महिन्याला यायला लागले. तुम्हाला लागणारी जास्तीची मोठी माणसं अशीच मिळतात. आठ मुलांमागे एक मोठा हे माझं गणित आहे, म्हणजे तुम्ही धरून चार.

मोठ्या बाईंसाठी. त्या हे परदेशी खूळ म्हणत असतील तर त्यांना सांगा की फॉरेस्ट स्कूल, म्हणजे अशी झाडांत भरणारी शाळा, हा शब्द बाहेरचा आहे, 1993 साली इंग्लंडच्या ब्रिजवॉटर कॉलेजचे लोक डेन्मार्कला जाऊन तिथल्या बालवाड्या पाहून आले आणि मग तो पसरला. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, मग कोसबाडला, आणि तिथली आदिवासी पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे पाहून शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. किती साधा आणि किती मोठा विचार आहे हा, मला अजून अंगावर काटा येतो. आणि गांधीजींची नई तालीम तर आपल्या शेजारची, 1937 ची वर्ध्याची शिक्षण परिषद, हाताने काम करत शिकायचं हे तिथे मांडलं गेलं. एक दिवस बाईंना सेवाग्रामला घेऊन जा, गाडीने दीड-दोन तास. आणि कागदाचाच आधार पाहिजे असेल तर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सांगितलेच आहेत, तिसरीला तर परिसर अभ्यास हा विषयच आहे. परिसराचा अभ्यास परिसरात नाही करायचा तर कुठे. पोर्शनसाठी मी असं करते, पुस्तकातले वनस्पती, प्राणी, पाणी, ऋतू, दिशा, नकाशा हे धडे बाजूला काढून त्या सकाळींना जोडते, वर्गात ते परत शिकवावे लागत नाहीत. मोजमाप आणि पाढेही बाहेर होतात. डोळ्यांचे डॉक्टरही आता सांगतात की रोज उजेडात खेळणाऱ्या पोरांना दूरचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे पालकसभेत सांगितलेलं चालतं.

जागा वनविभागाची असेल तर लेखी अर्ज द्या, मुलांची संख्या, वार, वेळ, सोबतची मोठी माणसं, सगळं लिहून, आणि शिक्का मारलेली प्रत सोबत ठेवा. रेंजर साहेबांना एकदा भेटून या, वनरक्षकाचा नंबर घ्या, तोच सांगतो कुठे पोळं आहे कुठे नाही. परदेशात या शाळांमध्ये शेकोटी करतात, पोरांना चाकू-करवत वापरायला देतात. चाकू मी चौथीनंतर देते, एकेकाला, शेजारी बसून. आग अजिबात नाही. आपलं पानगळीचं जंगल फेब्रुवारीनंतर पेट्रोलसारखं पेटतं आणि जंगलात आग लावणं हा गुन्हाच आहे. घरटी, अंडी, जिवंत प्राणी काहीच घरी आणायचं नाही, पडलेल्या बिया-पानं-काड्या चालतात, तेही मूठभर.

आणि मुलींच्या बाथरूमचं आधी बघा. यावरून मुली पाणी पीत नाहीत, मग चक्कर येते, मग जंगल वाईट ठरतं. निघायच्या आधी शाळेत, आणि जवळच्या एखाद्या बागेचं किंवा चौकीचं बाथरूम ठरवून ठेवा.

तुमच्या शाळेत शनिवार सकाळचा असतो म्हणता, तर तोच वार घ्या, शासनाचा आनंददायी शनिवार आहेच, त्यात बसवता येतं. जुलैचा दुसरा शनिवार पहिला धरा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर साडेसहाला सुरू करून साडेआठच्या आत परत, एप्रिलमध्ये बंद. डबा शाळेत परत येऊन खायचा, वानरं असतात तिथे. जुने बूट, बाटली, फुल बाह्यांचा जुना शर्ट, टोपी, एवढंच. तुमच्या पिशवीत शिट्टी, चिकटपट्टी, साबण, ओआरएस, पालकांच्या नंबरांची यादी कागदावर, कारण मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. आणि त्याआधी चार सकाळी तुम्ही एकट्या, किंवा एका मैत्रिणीला घेऊन, त्या जागेवर जाऊन अर्धा-अर्धा तास नुसत्या बसून या. कुठे ऊन येतं, कुठे पाणी साचतं, कुत्री कुठून येतात, फिरायला येणारे लोक किती वाजता कमी होतात, ते बघा. पाचव्या वेळी पोरं घेऊन जाल तेव्हा तुम्हालाच म्हणावंसं वाटेल की ही फांदी मागच्या वेळी इकडे नव्हती.